तीन मिनिटांची तबकडी आणि रात्रभराचा राग

विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातल्या बड्या ख्यालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) किती वेळ चालतं, याचा हिशेब सोपा आहे. एकतालाच्या मात्रा, म्हणजे ठोके, १२. अतिविलंबित लयीत एका मात्रेला चार-पाच सेकंद लागतात. म्हणजे समेवरून (तालाच्या पहिल्या मात्रेवरून) निघून पुन्हा समेवर यायला पाऊण ते एक मिनिट. आता मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) जुन्या दहा इंची तबकडीची एक बाजू घ्या. तिच्यावर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. या लयीत गायचं ठरवलं तर मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, तीन-चारदा आला की तबकडी संपली. अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) नाही, बोल-ताना (शब्दांसकट घेतलेल्या ताना) नाहीत, साध्या वेगवान ताना नाहीत, द्रुत (जलद लयीची) बंदिश तर नाहीच.

हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हा हिशेब मनात ठेवला तर बरीच कोडी सुटतात. मोठमोठ्या ख्यालियांच्या रेकॉर्डी इतक्या चढ्या लयीत का, त्यांत ठुमऱ्या, भजनं आणि नाट्यपदं इतकी का, आलापाला दोन ओळी मिळाल्या न मिळाल्या तोच ताना का सुरू होतात, हे कळतं. आणि ‘हे संगीत आता संपत चाललंय का?’ ही जी काळजी गाण्याच्या प्रत्येक बैठकीनंतर चहाच्या कपाभोवती बोलली जाते, तिच्याकडेही जरा नीट पाहता येतं. मला स्वतःला ती काळजी आहे. पण ती नेमकी कशाची करायची, हे ठरवायला आधी ध्वनिमुद्रणाची गोष्ट माहीत हवी.

भारतातली पहिली मोठी ध्वनिमुद्रण मोहीम नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग हा तंत्रज्ञ यंत्रं घेऊन आला आणि प्रसिद्ध गायिका गौहरजान त्याच्यासमोर गायल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकानं एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून खणखणीत आवाजात गायचं. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जायची. विजेचा कुठंच संबंध नाही. जे जोरात आणि जवळून येईल तेवढंच उमटायचं. म्हणून त्या काळच्या मुद्रिकांत तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तबला लांबून कुणीतरी दार ठोठावतंय असा वाटतो. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगारांना आवाज कुणाचा ते कळावं म्हणून गाणं संपता संपता गौहरजान इंग्रजीत आपलं नाव पुकारतात. ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो, कारण तीन मिनिटांच्या आत गाणं आवरून नाव सांगण्याइतकी जागा शिल्लक ठेवणं ही त्या बाईंची केवढी मोठी हुशारी होती!

१९२५नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. आता ओरडावं लागत नव्हतं. कुजबुजीइतका हळुवार स्वरही मायक्रोफोन टिपायचा. या बदलाचं सोनं कुणी केलं असेल तर ते मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी. १९३०च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी दिलेल्या मुद्रिकांमधली झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकावी. वेळ तेवढाच, तीन मिनिटं. पण गाणं कुठंही धावत नाही. खाँसाहेबांनी विलंबित ख्याल त्या चौकटीत कोंबायचा प्रयत्नच केला नाही. ठुमरी निवडली, शब्द मोजके ठेवले आणि एकेका स्वराला हवा तेवढा वेळ दिला. आवाज बारीक, सुरेल आणि टोकदार, त्यामुळे तो मायक्रोफोनला मानवला. लहान भीमसेन जोशींच्या कानावर पडलेली रेकॉर्ड हीच. पुढे ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले आणि खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळला शिकले. कुमार गंधर्व तर लहानपणी बड्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गायचे. म्हणजे तबकडीला गुरू मानायची रीत आजच्या मुलांनी आणलेली नाही, ती शंभर वर्षांच्या घरातली आहे.

या काळातल्या काहींचा आवाज मात्र आपल्याला मिळालाच नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते, कोल्हापूर-मुंबईत वावरत होते, तरी त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले; त्यांचाही आवाज कुठं उमटलेला नाही. पण भास्करबुवांच्या बाबतीत एक गंमत झाली. १९१६च्या ‘संगीत स्वयंवर’ला चाली त्यांच्या. बालगंधर्वांच्या तबकड्यांतून त्या चाली घराघरांत गेल्या आणि ‘नाथ हा माझा’मधला यमन ज्यानं ऐकलाय त्यानं भास्करबुवांच्या विचाराचा एक तुकडा ऐकलेला आहे. मराठी माणसाला रागाची चव लागली ती पुष्कळदा या नाट्यपदांच्या रेकॉर्डींतून, आणि ती वाट मला कधीच कमी प्रतीची वाटलेली नाही.

अल्लादिया खाँसाहेबांची गायकी पुढे नेणाऱ्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर. ध्वनिमुद्रणाबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. ज्या मोजक्या मुद्रिका त्यांनी दिल्या त्यांत भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आहे, साधारण साडेतीन मिनिटांची. १९७७मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानांवर पृथ्वीच्या आवाजांची जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यावर भारताचं म्हणून जे संगीत आहे ते हेच. त्यांतलं मागाहून निघालेलं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

आता ऐकण्याविषयी. जुनी तबकडी इंटरनेटवर सापडली की आधी ती कुठल्या वेगानं उतरवली आहे याचा संशय घ्यावा. ‘७८’ हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या काळात कुणी ७६ला मुद्रण करायचं, कुणी ८०ला. ७६ फेऱ्यांनी केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली तर सगळं गाणं जवळपास पाव स्वरानं चढतं आणि लयही वाढते. हा फरक साधारण दुप्पट झाला तर पांढरी दोनचा गवई काळी दोनचा होतो, म्हणजे पेटीवरची एक पट्टी वर चढतो. आवाज चिमटा काढल्यासारखा, ताना अशक्य वेगाच्या वाटू लागल्या तर दोष गवयाचा नसून बहुधा यंत्राचा असतो. कॅसेटवरून उतरवलेल्या मुद्रणांचीही तीच कथा, कारण प्रत्येक टेपरेकॉर्डरची चाल निराळी. हल्लीच्या बऱ्याच ॲपमध्ये वेग थोडा कमी-जास्त करता येतो. माणसाचा आवाज माणसासारखा वाटेपर्यंत तो बदलून पाहावा.

दुसरा सल्ला खरखरीबद्दल. संगणकानं खरखर पुसून ‘स्वच्छ’ केलेली आवृत्ती सापडली तर तिच्यावर भाळू नये. यंत्र खरखर ओळखतं ती तिच्या उंच, बारीक कंपनांवरून. आणि त्याच पट्ट्यात तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणझणता नाद), गवयाचा श्वास, व्यंजनांची धार असते. सगळं एकत्र पुसलं जातं आणि आवाज कापडात गुंडाळल्यासारखा होतो. खरखरीसकट ऐकावं. दोन-तीन मिनिटांत कान तिला बाजूला सारायला शिकतो, मग मागचा माणूस दिसायला लागतो.

पन्नासच्या दशकात एलपी (लाँग प्ले, जास्त वेळ वाजणारी तबकडी) आली आणि तीन मिनिटांची कोंडी फुटली. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं! १९५५मध्ये अली अकबर खाँसाहेबांची सरोदची एलपी अमेरिकेत निघाली, व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांच्या प्रास्ताविकासह. हिंदुस्थानी रागसंगीताची ती पहिली एलपी मानतात. ख्यालाच्या बाबतीत मला विचाराल तर अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध मुद्रिका घ्या, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. त्यातला मारवा हा रेकॉर्डवर राग कसा मांडावा याचा धडा आहे.

मारवा समजायला अवघड नाही. स्वर सहा: सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. पंचम (प) नाही. गंमत अशी की याच सहा स्वरांत पूरियाही आहे आणि सोहनीही. फरक मुक्कामाच्या जागांचा. पूरिया खाली, मंद्रात रमतो आणि गंधार-निषादावर (ग आणि नी) विसावतो. सोहनी तार षड्जाच्या (वरच्या सा) आसपास भिरभिरते. मारवा रिषभ आणि धैवतावर (रे आणि ध) जाऊन थांबतो आणि षड्ज टाळत राहतो. षड्ज म्हणजे घर. गायक आपल्याला घरी नेतच नाही, दारापर्यंत नेऊन परत फिरवतो. संध्याकाळची हुरहुर म्हणतात ती या टाळण्यातून येते. अमीर खाँसाहेब विलंबितात हा षड्ज इतका लांबवतात, की तो आला की ऐकणाऱ्याच्या खांद्यांवरचा ताण उतरतो. हे तीन मिनिटांत करून दाखवणं कुणालाही शक्य नव्हतं. टाळण्याची ओढ लागायला आधी वाट पाहावी लागते.

नवख्या माणसानं मात्रा मोजत बसू नये. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पहिल्या ओळीचा समेपर्यंत नेणारा तुकडा, तेवढा पाठ होऊ द्यावा. गायक कितीही दूर भटकला तरी त्या मुखड्याला धरून समेवर परततो. दोन-चारदा त्याच्याबरोबर परत आलात की पाचव्यांदा तुम्ही त्याच्या आधी पोचता आणि मान आपोआप हलते. मान हलली की तुम्ही श्रोते झालात. रागाचं नाव, थाट, वादी-संवादी पुढे येईलच. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध; एकात गंधाराला मान, दुसऱ्यात धैवताला; एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. पाठोपाठ दोन मुद्रिका लावून हा फरक कानाला दिसतो, आणि असं पाठोपाठ लावून ऐकणं ध्वनिमुद्रणाआधी राजेरजवाड्यांनाही शक्य नव्हतं.

पण मुद्रिकेत एक धोकाही आहे. किशोरी आमोणकरांची भूपातली ‘सहेला रे’ घ्या. ती इतकी सुंदर उतरली, इतकी घरोघर वाजली, की कितीतरी लोकांच्या मनात भूप म्हणजे तीच मुद्रिका होऊन बसली. खुद्द किशोरीताई मैफलीत तोच भूप दर वेळी निराळा गायच्या. राग रोज नव्याने रचायचा असतो, आणि तबकडी त्यातला एकच दिवस गोठवते. म्हणून एकाच कलाकाराचा एकच राग, जमेल तितक्या वेगवेगळ्या मैफलींतला ऐकावा. खाजगी मैफलींची मुद्रणं मला स्टुडिओतल्यांपेक्षा जास्त प्रिय आहेत. त्यांत खोकला असतो, कपबश्या वाजतात, पण समोरून ‘क्या बात है’ आलं की गवई त्याच जागेवरून आणखी एक पायरी वर चढतो, तेही ऐकू येतं.

आता काळजीकडे येतो.

ही काळजी जुनी आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पं. भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी गोळा केल्या आणि १९१६मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, ती विद्या नष्ट होईल या धास्तीनंच. संस्थानं गेली तेव्हाही लोक म्हणाले, आता गवयांना कोण पोसणार? मग आकाशवाणीनं पोसलं, गावोगावच्या म्युझिक सर्कलनी पोसलं, गणेशोत्सवानं पोसलं, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या उत्सवांनी पोसलं. आजही उत्तम गाणारी तरुण मुलंमुली आहेत, आणि त्यांच्या तयारीबद्दल मला शंका नाही.

आटतोय तो वेळ. सवाईसारखे उत्सव पूर्वी रात्रभर चालायचे. २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आणि २००५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. राज्य सरकार वर्षातले थोडे दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच. आजारी माणसाची, परीक्षेच्या मुलांची झोप महत्त्वाची आहे, नियमाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण त्याचा परिणाम पाहा. रागांना वेळा असतात. मालकंस, सोहनी, ललित, भटियार हे मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचे राग. मैफलच दहाला संपली तर ललित त्याच्या वेळेला, रात्रभर जागलेल्या गळ्यातून, रात्रभर जागलेल्या कानांनी कसा ऐकायचा? सकाळच्या मैफली होतात, पण त्या सहसा ललितची वेळ टळल्यावर सुरू होतात. रागांचा एक अख्खा पट्टा आपल्या डोळ्यांदेखत मुख्यतः ध्वनिमुद्रणांत राहायला गेलाय. मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं.

दुसरी गोष्ट पैशांची. स्पॉटिफायसारख्या सेवेवर एखादी ध्वनिफीत ३० सेकंद ऐकली गेली की ते एक ‘स्ट्रीम’ धरलं जातं आणि पैशांची वाटणी स्ट्रीमच्या संख्येवरून होते. आता एक तासभराचा दरबारी ऐकणारा श्रोता आणि तीन-तीन मिनिटांची वीस गाणी ऐकणारा श्रोता शेजारी बसवा. पहिल्याकडून एक स्ट्रीम, दुसऱ्याकडून वीस. दोघांनी वेळ तेवढाच दिला. या हिशेबात ख्यालगायक कायमच मागे राहणार. मग कलाकार आलाप, विलंबित, द्रुत असे तुकडे करून चढवतात, किंवा पाच मिनिटांची सुटसुटीत चित्रफीत काढतात. साठवायला जागेची मर्यादा उरली नाही तेव्हा बाजारानं पुन्हा तीन मिनिटं मागायला सुरुवात केली आहे.

१९३५च्या श्रोत्याची आणि आपली परिस्थिती इथंच वेगळी पडते. त्यानं तीन मिनिटांची झिंझोटी ऐकली तेव्हा त्याच्या कानांत रात्रभराच्या मैफली होत्या. तबकडीत जे मावलं नाही ते तो स्वतः भरून घ्यायचा. तीन मिनिटं त्याला खूण म्हणून पुरायची. आपल्याकडे हजारो तासांची मुद्रणं खिशात आहेत, पण त्यामागची मैफल पुष्कळांनी कधी अनुभवलेलीच नाही. शेजारी बसून ‘ही जागा ऐक’ म्हणून कोपरानं ढोसणारे काका नाहीत. वर्तमानपत्रांत मैफलीचं सविस्तर परीक्षण येणं जवळपास थांबलंय. चांगला श्रोता हा अशा संगतीत घडायचा, आणि तो घडेनासा झाला तर उत्तम गाणारा असूनही त्याच्या गाण्यातली अवघड, सुंदर जागा कुणाला कळणार नाही. मग हळूहळू तो ती घेईनासा होईल. मला ऱ्हासाची जी भीती वाटते ती ही.

यावर करण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. महिन्यातून एक संध्याकाळ चार-पाच जणांनी एकत्र बसून एक अख्खी मुद्रिका ऐकायची. फोन बाहेर. मधे बोलायचं नाही, नंतर खूप बोलायचं. एखादा जाणता माणूस असला तर उत्तम, नसला तरी चालेल; मुखडा सगळ्यांनाच सापडतो. आणि पहाटे साडेचारला उठून एकदा तरी ललित लावावा. दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) लागोपाठ लागलेले, बाहेर अजून अंधार, हे दुपारच्या प्रवासात कानांत बोंडं घालून कळत नाही.

दुसरं काम निकडीचं आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात कितीतरी घरांतल्या कपाटांत स्पूल (टेपची रिळं) आणि कॅसेटी पडून आहेत. वडिलांनी, काकांनी एखाद्या घरगुती बैठकीत टेपरेकॉर्डर लावलेला असतो. लाखेची जुनी तबकडी जपली तर शंभर वर्षं टिकते. टेपचं तसं नाही. जुन्या ॲसिटेटच्या फितीला आंबूस वास येऊ लागला की ती कुजायला लागली समजावं. नंतरच्या काही फितींचं चिकट द्रव्य दमट हवेत सुटतं आणि फीत यंत्राला चिकटून खरवडली जाते. आपल्या पावसाळ्यात वर बुरशीही येते. अशी फीत घरच्या टेपरेकॉर्डरवर ‘चालते का बघू’ म्हणून लावू नये, जाणकाराकडे न्यावी. पहिल्याच फेरीत ती कायमची जाऊ शकते.

आणि नोंद ठेवावी. गायकाचं नाव सगळे लिहितात. तारीख, गाव, कुणाच्या घरची बैठक, तबल्यावर कोण, पेटीवर किंवा सारंगीवर कोण, मागे तानपुऱ्यावर बसून स्वर कोण देतंय, हे कुणीच लिहीत नाही. जुन्या तबकड्यांवर साथीदारांची नावं क्वचितच छापायचे, आणि आजच्या ॲपवरही गायकाचं छायाचित्र मोठं आणि तबलजी गायब. इंटरनेटवर तर रागाची नावंसुद्धा चुकीची दिलेली सापडतात. त्या बैठकीला हजर असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना फीत ऐकवून विचारलं तर आवाजावरून आणि ठेक्यावरून ती नावं सांगतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. म्हणजे गौहरजान, अब्दुल करीम खाँसाहेब, केसरबाई यांच्या ७८च्या तबकड्या आता सगळ्यांच्या आहेत. त्या उतरवून, नीट नोंदी घालून खुशाल इंटरनेटवर ठेवाव्यात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या एलपी-कॅसेटींचं तसं नाही. घरगुती बैठकीच्या, कधीच प्रकाशित न झालेल्या फितीचा मामला आणखी नाजूक: त्यात कलाकाराचा स्वतःचा हक्क असतो. म्हणून चढवण्याआधी त्या कलाकाराला किंवा त्यांच्या घरच्यांना विचारावं, आणि एक प्रत त्यांना द्यावी. पुष्कळदा त्यांच्याकडेही ती नसते.